शालू नाव घेत नाही

३ नोव्हेंबर
सकाळी बर्फ, वीतभर. पोरगा, अजित, येतो म्हणाला होता. आला नाही, मीच शोव्हल केलं.

होमकेअरची बाई आली, शालूला घरी ठेवायचं की संस्थेत ते तपासायला. मॅरिसेल नाव, फिलिपिन्सची. बूट काढून भिंतीकडेला जोडीनं ठेवले. दुसऱ्याच्या घरात माणूस बूट कसे काढतो यावरून त्याचं काम कसं असेल ते मी ओळखतो. बाई चांगली आहे. हीच पंचाईत. वाईट असती तर भांडता आलं असतं.

शालूला डायनिंग टेबलाशी बसवून प्रश्न सुरू. पहिल्या काहींची उत्तरं मीच दिली. बाई हसून म्हणाली, "डॅन, मला तिच्याकडून ऐकायचंय. तुम्ही जरा दुसरीकडे बसाल?" गेलो. बेसमेंटमध्ये.

ह्या घरातल्या गरम हवेच्या पत्र्याच्या नळ्यांचं, डक्टचं, सगळं काम माझ्या हातचं. डायनिंगखालचा रिटर्न, हवा परत नेणारी नळी, सरळ फर्नेसवर, घर तापवणाऱ्या भट्टीवर उतरतो. तिथं स्टूल टाकून बसलं की वरची कुजबुजसुद्धा पत्र्यातून खाली येते. हे घरात कुणाला माहीत नाही. शाळेत असताना पोरांच्या भानगडी मला कशा कळायच्या, याचं त्यांना अजून कोडं आहे.

वार विचारला. संडे, म्हणाली. होता सोमवार. चालायचं, रिटायर माणसाला कुठला वार.

मग, "व्हॉट इज युवर हसबंड्स नेम?"

गप्प. परत विचारलं, सावकाश. गप्प. पेनाचा आवाज.

"आत्ता दार कुणी उघडलं? तो माणूस कोण?"

शालू म्हणाली, "गुड मॅन."

तेवढ्यात फर्नेस चालू झाला. पुढचं ऐकू आलं नाही.


५ नोव्हेंबर
अजित कॉफी घेऊन आला. कॉफी आणली की काहीतरी कडू सांगायचं असतं. माझं फर्नेसचं दुकान सांभाळायला लागल्यापासून त्याची ही पद्धत.

"डॅड, शी डिडंट नो युवर नेम."

म्हटलं, "तिनं माझं नाव कधी घेतलंय? लग्न झाल्यापासून एकदा नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत. तू ह्याच घरात वाढलास, तुझ्या कानावर कधी आलंय?"

विचारात पडला. खरंच आठवायला लागला. मग म्हणाला, "दुकानाचा फोन मॉमच उचलायची. डॅन नॉट होम. डॅन कमिंग फोर ओक्लॉक. डॅन म्हणत होती की."

हे मला सुचलं नव्हतं. तरी म्हटलं, "डॅन म्हणजे दुकान. मी नव्हे."

"ओके, डॅड."

ह्या ओके-डॅडचा अर्थ मला बरोबर कळतो. गिऱ्हाईक म्हणायचं, अजून दोन वर्षं जाईल की हा फर्नेस, आणि मला आतला तडा दिसलेला असायचा. तेव्हा मीही असंच ओके म्हणायचो.


८ नोव्हेंबर
डॅन हे नाव पडलं पहिल्या नोकरीत. फोरमन युक्रेनियन, स्वतःचं आडनाव मालगाडीएवढं. माझं नाव ऐकून म्हणाला, "दत्ता-काय? एका माणसाला एवढा पत्रा कशाला? काप." कापला. डॅन उरला. पुढं स्वतःचा धंदा टाकला तेव्हा व्हॅनवर तेच रंगवलं.

आईला मी दत्तू. थोरल्या भावाला दत्त्या. दोघं गेली. पोरांना डॅड नाहीतर बाबा. मंडळात दत्ताभाऊजी. शालूला 'अवो'. पूर्ण दत्तात्रय आता पासपोर्टवर आणि औषधाच्या बाटलीवर. आजारी पडल्याशिवाय कुणी वाचत नाही.


११ नोव्हेंबर
हे सगळं कशावरून सुरू झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या पोरं म्हणतील बाबा लपवतात.

ऑक्टोबरात, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी शालू चपला घालून बाहेर पडली. बसस्टॉपवर जाऊन बसली. शेजारच्या बाईनं हाताला धरून आणली. कुठं निघालीस विचारलं तर म्हणाली, "मिरजंला." माहेरी. सरळ. जणू चार नंबरची बस मिरजेला जाते.

त्याआधी दूध उतू जाऊन पातेलं जळालं होतं, दोनदा. त्यावर मी शेगडीमागचा गॅसचा कॉक बंद केला. स्वयंपाक मीच करतो. ती बटण फिरवते, पेटत नाही, मग माझ्याकडे बघते. फर्नेसवाल्याच्या घरात शेगडी पेटत नाही. तिच्या जागी मी असतो तर शिव्या दिल्या असत्या.

लपवतो का? हो. थोडं.


१४ नोव्हेंबर
मॅरिसेलला फोन केला. रिवाज समजावून सांगितला. बाईनं पूर्ण ऐकून घेतलं, मधे तोंड घातलं नाही. म्हणाली, तिच्या गावाकडं म्हाताऱ्या माणसांची नावं घेत नाहीत, तिला कळतं. मराठी दुभाषी घेऊन परत बसू, पण नंबर लागायला वेळ जाईल.

मी थँक्यू म्हणणार तोवर म्हणाली, "पण डॅन, गोष्ट फक्त नावाची नाहीये."

मला ठाऊक आहे. पण धरायला हाताशी तेवढंच आहे.


२९ नोव्हेंबर
उणे २४. इंजिन गोठू नये म्हणून व्हॅनला विजेचा प्लग लावायचा, तो विसरलो. मग आठवलं, व्हॅन आता माझ्याकडे नाही.

शालू दिवसभर शिवणाच्या मशीनशी बसली. दोरा नाही, सुई नाही, नुसतं पायडल. धंद्याच्या सुरुवातीला फर्नेस आणि डक्टच्या मधे कॅनव्हासची बाही लागायची, थरथर पुढं जाऊ नये म्हणून. विकत महाग मिळायची. शालू शिवायची. दोन पोरं मांडीशी आणि ही जाड कॅनव्हास हाणतेय. बोटाला भोक पडलं तर तोंडात घालून पुढची शिवण. शहराच्या मिल वुड्स भागातल्या अर्ध्या घरांत तिची शिवण अजून असेल. घरातली माणसं त्यावर पाय शेकतात. त्यांना ना तिचं नाव माहीत ना माझं.

लेकीचा, मेधाचा फोन, वॉटर्लूहून. बोलता बोलता टाईप करत असते, टकटक ऐकू येते. "बाबा, तुम्ही रेस्ट घेता ना?" टकटक. "मॉम जेवते ना?" टकटक. म्हटलं, दोघंही जेवतो, बाई. तुझं ऑफिस जेवतं का?

हसली. टकटक थांबली थोडी.


२७ डिसेंबर
मेधा ख्रिसमसला आलीय. घर भरलं. शालू तिला कुसुम म्हणते. कुसुम म्हणजे शालूची धाकटी बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झाली. मेधा पहिल्या दिवशी दुरुस्त करत होती. आज ओ देते.

जेवण झाल्यावर दोघं भाऊ-बहीण भांडी लावत होती. मी फिल्टर बदलायला खाली गेलो. खरंच फिल्टर बदलायला. ऐकायला नाही. पण पत्रा कुणाच्या परवानगीनं बोलत नाही.

अजित: "ही इज द प्रॉब्लेम. तोच सगळं झाकतो. ती काही बोलायच्या आत हा उत्तर देतो."

मेधा: "तिला उचलताना त्याला काही झालं म्हणजे?"

अजित: "होणारच. मग दोघंही एकदमच आपल्यावर."

मेधा: "तसं नको म्हणूस."

अजित: "तू वर्षातून एकदा येतेस. मी आठवड्याला येतो. त्याला आवडतंय हे सगळं. दुकान गेलं, आता ही नवी जॉब आहे त्याची."

मग मेधा रडायला लागली. शी कॉल्स मी कुसुम. नळ सोडला कुणीतरी, त्यात पुढचं वाहून गेलं.

जुना फिल्टर हातात धरून उभा राहिलो. करडा, केसाळ. तीन महिन्यांची धूळ.

वर आलो. म्हटलं, चहा टाकू का सगळ्यांना? दोघं म्हणाली, थँक्स, बाबा. गोड.


३ जानेवारी
मेधा गेली. विमानतळावरून मेसेज: लव्ह यू बाबा, थिंक अबाउट इट. कशाबद्दल ते लिहिलं नाही. शालूला संस्थेत ठेवायचं, ज्यावर माझ्याशी घरात कुणी एक अक्षर बोललं नाही, त्याबद्दल. थिंक अबाउट इट म्हणे.

'तोच प्रॉब्लेम' हे डोक्यातून जात नाही. अजितला स्निप्स, पत्र्याची कात्री, धरायला मी शिकवलं. पत्र्याचा जो तुकडा टाकून द्यायचाय तो वाकवत कापायचा, म्हणजे ठेवायचा तुकडा सरळ राहतो. बरोबर शिकलाय.


१६ जानेवारी
सुलभावहिनी आल्या तिळगूळ घेऊन. आमच्याबरोबरच्या पहिल्या चार मराठी घरांतल्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, तरी जीभ तशीच. दारातूनच, "दत्ताभाऊजी, वजन उतरलंय. स्वतःच्या हातचं खाताय वाटतं."

शालूला कुंकू लावलं. वाण म्हणून मोज्यांचा जोड दिला. शालू मोजे उलटसुलट करत बसली. चार दिवसांत धड वाक्य नाही तिच्याकडून. वहिनींना काय वाटलं, म्हणाल्या, "शालिनीबाई, हळदीकुंकू फुकट नाही. नाव घ्या."

शालूनं मोजे खाली ठेवले. स्वेटरवर पदर नाही, तरी खांद्यावरून हात फिरवून घेतला. आणि एका दमात,

"बर्फाच्या मुलखात घरोघरी भट्टी,
दत्तात्रयरावांशी जमली माझी गट्टी."

वहिनी टाळ्या पिटायला लागल्या. मी सिंककडे तोंड करून उभा.

हा तिचाच. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी चर्चच्या बेसमेंटमध्ये बायकांचं हळदीकुंकू झालं होतं. पुण्याच्या बायका चांदीची वाटी-सोन्याचा चमचा करत होत्या. हिनं भट्टी काढली. डॉक्टरणी आणि इंजिनियरणी पोट धरून हसल्या. मी बाहेर कोट सांभाळत होतो, भिंतीतून ऐकलं. तेव्हाही भिंतीतूनच.

समोर कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं.

वहिनी जाताना म्हणाल्या, "अजून कडक आहे हो तुमची मंडळी."


१७ जानेवारी
दोन्ही पोरांना फोन केला. अजित म्हणाला, "दॅट्स ग्रेट, डॅड." मागं ड्रिलचा आवाज.

मेधा म्हणाली, "बाबा, तुमचं नाव घेत नाही कारण रिवाज. मान्य. माझं नाव तिला येत नाही. ते कुठल्या रिवाजात बसतं?"

मराठीत म्हणाली. लहानपणापासून अर्ध्या इंग्रजीत उत्तरं देणारी पोर, टोचायचं तेव्हा बरोबर सगळं मराठी निघतं.

म्हटलं, गाडीला विंटर टायर घातलेस का.


२० जानेवारी
दुभाष्याची तारीख मिळाली. फेब्रुवारीत.

ठरवलं. रोज नाश्त्यानंतर सराव. मी म्हणायचं, शालू, नाव घे. ती म्हणायची. कुठलंही काम हाताला बसेपर्यंत करत राहायचं असतं. डक्टचा एल्बो, वळणाचा तुकडा, वाकवायला मी तसाच शिकलो.

आज दोनदा विचारलं. पहिल्यांदा गट्टी विसरली. मी "ग" म्हटलं. आलं.


१ फेब्रुवारी
छान चाललंय. आता "नाव" म्हटलं की पुरे.

उणे ३३. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फर्नेस बंद व्हायचं नाव घेत नाही. खिडकीच्या कडेनं आतून बर्फ धरलाय. अशा दिवशी पूर्वी फोन खणखणायचा, लोक मला देवासारखं बोलवायचे. तळघरात शिरलो की घरातली बाई वरून विचारायची, "इज ही स्टिल डाउन देअर?" मी खाली तिचं सगळं ऐकत असायचो. नवऱ्याशी भांडण, शेजारणीची चुगली, माझ्या कातडीबद्दल दोन शब्द. मग वर येऊन म्हणायचो, ऑल गुड, मॅम. आणि बाई कुकी द्यायची. लोक वाईट नव्हते. त्यांना माहीत नव्हतं की मला ऐकू येतं.


६ फेब्रुवारी
अजितसमोर म्हणवून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला बरं वाटलं. मग विचारतो, "दॅट्स नाइस. हू इज शी टॉकिंग अबाउट?"

त्याला दत्तात्रयराव ओळखू आले नाहीत.

म्हटलं, "मी. आय ॲम दॅट."

"ओह."


१३ फेब्रुवारी
काहीतरी बिघडलंय.

सकाळी टोस्ट पुढं ठेवला. भट्टी-गट्टी. गोळी दिली. भट्टी-गट्टी. फर्नेसचा बर्नर धप्प करून पेटला, त्याला उद्देशून एकदा. आंघोळीचं पाणी गरम आहे का विचारलं, तरी तेच. दर वेळी माझं पूर्ण नाव, रावांसकट. एवढ्या वर्षांचं एका आठवड्यात घेऊन झालं.

थांबवलं पाहिजे. कसं थांबवायचं ते कळत नाही. "नको शालू" म्हटलं तर पहिल्यापासून सुरू करते.


१९ फेब्रुवारी
दुभाषी म्हणजे टेबलावर ठेवलेला फोन. त्यात एक पोरगी, पुण्याकडची, आवाज कोवळा. शिकतेय बहुतेक, मधे मायक्रोवेव्ह वाजला तिच्याकडचा.

मॅरिसेल मला म्हणाली, "बसा. पण तोंड बंद." बसलो. हात मांड्यांखाली घालून.

"आजी, नमस्कार. आता कोणता महिना चालू आहे सांगाल?"

शालू ताठ झाली. खांद्यावरून हात. बर्फाच्या मुलखात घरोघरी भट्टी.

फोनमधली पोरगी, "अय्या, किती गोड." मग सावरून मॅरिसेलला इंग्रजीत समजावलं, बायको म्हणते ते यमक, त्यात नवऱ्याचं नाव असतं. मॅरिसेलनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलाकडं.

"आजी, तुम्ही कुठल्या गावात राहता?" भट्टी-गट्टी.

"आजी, मी तीन वस्तूंची नावं सांगते, लक्षात ठेवा हं." भट्टी-गट्टी.

त्यानंतर पोरगी अय्या म्हणाली नाही. नुसतं "सेम रिस्पॉन्स" म्हणायला लागली.

शेवटी, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

शालू थांबली.

माझ्याकडं बघितलं. मग खाली. हात उचलून तोंडावर धरला, बोटं पसरून. खांदे हलत होते. लाजत होती की रडत होती की नुसतीच थरथरत होती. मी समोर बसलो होतो, मला कळलं नाही. तिच्या सगळ्या आयुष्याचा मी एकटा साक्षीदार आणि मला कळलं नाही.

फोनमधून, "आजी? आवाज येतोय का माझा? आजी?"

मॅरिसेल दारात बूट घालताना म्हणाली, "डॅन, तुम्ही सराव करून घेतला होता?"

"हो."

"सगळेच घेतात." रागावली नाही. "पण आता मला सांगता येत नाही, तिचं काय होतं आणि तुम्ही काय भरलंत."

मलाही नाही. सोळा जानेवारीला जे निघालं होतं ते तिचं होतं. त्यानंतरचं कुणाचं, देव जाणे. चालता फर्नेस उघडून खुडबूड करायची आणि मग मला बोलवायचं, असली गिऱ्हाइकं आयुष्यभर बघितली. त्यांच्या पाठीमागं अजित आणि मी व्हॅनमध्ये हसायचो.


२६ फेब्रुवारी
पडलो. ती नव्हे, मी.

टबातून तिला बाहेर घेताना पाय सरकला. तिला काही नाही. माझं मनगट आणि कंबर. उठता येईना. शालूनं टॉवेल आणून माझ्या अंगावर घातला, नीट गळ्यापर्यंत, लहान पोराला घालतात तसा. आणि शेजारी फरशीवर बसली.

फोन वाजला. गेली. उचललेला ऐकला.

"डॅन नॉट होम. फर्नेस मॅन कमिंग." ठेवला.

पलीकडे अजित होता. वीस मिनिटांत दारात. कामाच्या बुटांसकट आत आला. मला उचलून बसवलं. मग तिथंच टबाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "डॅड, शी टॉक्ड टू मी. शी साउंडेड लाइक मॉम."

त्यानं मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

अजित म्हणतो तशी ही नवी जॉब असेल, तर आज कामावर अपघात झाला. कामावर अपघात झाला की काम बंद ठेवावं लागतं. हा नियम मीच दुकानात लावला होता.


५ मार्च
मॅरिसेलचा फोन. संस्थेत जागा रिकामी झालीय. नदीपलीकडे, खिडकीची खोली. दोन पंजाबी म्हाताऱ्या आहेत तिथं, थोडं हिंदी कानावर पडेल. उद्यापर्यंत हो की नाही सांगायचं, नाहीतर पुढच्या माणसाला जाईल. रिपोर्टात काय लिहिलं विचारलं. म्हणाली, "दोन्ही लिहिलं. नाव बरोबर सांगितलं. विचारल्यावर सांगितलं नाही."

याहून खरं मीही लिहिलं नसतं.

संध्याकाळी पोरं फोनवर. मेधाची टकटक नाही आज. अजित म्हणाला, "यू कॅन व्हिजिट एव्हरी डे, डॅड." बायकोला व्हिजिट. मी म्हटलं, तिथं तिला भाकरी कोण देणार. मेधा म्हणाली, "बाबा, ती आता भाकरी खात नाही. टोस्ट खाते. तुम्हीच सांगितलंत."

जिथं जातो तिथं माझीच वाक्यं आडवी येतात.

म्हटलं, उद्या सांगतो. अजित म्हणाला, दुपारी येतो. मेधा म्हणाली, "वी आर नॉट द बॅड गाइज, बाबा." मी ओके म्हटलं.


६ मार्च
उणे ९, पण ऊन. पागोळ्या ठिबकतायत.

सकाळी चहा पिताना लक्षात आलं, इतक्या महिन्यांत तिला वार विचारला, महिना विचारला, माझं नाव विचारलं. तिला काय हवंय, हे एकानंही विचारलं नाही. मला धरून.

ती ड्रायरमधले टॉवेल घेऊन बसली होती. घडी अजून सुरेख घालते, कडेला कड. समोर खुर्ची ओढली.

"शालू, तुला नदीपलीकडं राहायला न्यायचं म्हणतायत. तिथं बायका आहेत सांभाळायला. मी रोज येईन. जायचं का तुला?"

मला वाटलं भट्टी-गट्टी. नाही. घडी पुरी केली, हात फिरवला, आणि स्वच्छ म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

सांगली सोडताना हेच. हे घर घेताना हेच. पोरांशी घरात इंग्रजी बोलायचं ठरलं तेव्हा हेच. मला बरं वाटायचं. लोकांच्या घरी केवढी भांडणं व्हायची, मी खालून ऐकायचो, आणि मनात म्हणायचो, आपलं नशीब चांगलं.

परत विचारलं. "मी काय म्हणतो ते जाऊ दे. तुला काय वाटतं?"

माझ्याकडं नीट बघितलं. शहाणं बघणं, पूर्वीचं. वाटलं, आता येतंय. दुसरा टॉवेल उचलला.

"तुमी म्हणाल तसं."

तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं नाही.

दुपार. उत्तर न्यायला आलेल्या अजितची व्हॅन ड्राइव्हवेत लागलीय. इंजिन बंद केलेलं ऐकलं. दाराचा आवाज अजून नाही. तोही आत बसून आहे.